कल्हई ते विमान : एका दुर्लक्षित व्यवसायाची ओळख

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवी वर्षातील हा मेळावा बेळगाव जिल्ह्यातील आपल्या गावी न भरवता बंगळुरूत भरवावा, असा आग्रह माजी विद्यार्थ्यांनी धरला आणि संस्थेने तो आनंदाने मान्य केला. गेल्या साठ वर्षांत आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून या शहरात उतरली, इथे राबली आणि इथलीच झाली. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी विमानांच्या कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कर्मशाळांत आयुष्य काढले. म्हणून आज शाळेच्या इतिहासाविषयी न बोलता, या शहराला साजेशा आणि आपल्या मुलांच्या उपयोगी पडेल अशा एका व्यवसायाविषयी बोलावे असे मी ठरवले. तो व्यवसाय आहे विमाने रंगवण्याचा आणि त्यांच्या पृष्ठभागावर संस्कार करण्याचा.

विषय ऐकून काही चेहऱ्यांवर आश्चर्य उमटले आहे. ते स्वाभाविक आहे. विमान म्हटले की आपल्याला वैमानिक आठवतो, फार तर अभियंता आठवतो. विमानाला रंग देणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. गेल्या वर्षी दहावीच्या निकालानंतर एक पालक भगिनी मला भेटायला आल्या होत्या. मुलाचे हात चांगले होते, चित्रकलेत तो शाळेत पहिला होता, रसायनशास्त्रातही त्याला गोडी होती. आयटीआय करून या क्षेत्रात जावे, असे त्याने मनाशी ठरवले होते. त्या मला म्हणाल्या, "बाई, रंगारीच व्हायचं होतं तर दहावीपर्यंत शिकवायचं कशाला?" त्यांच्या प्रश्नात हेटाळणी नव्हती, काळजी होती. त्या काळजीला सविस्तर उत्तर देणे हे शिक्षक म्हणून माझे कर्तव्य आहे. आजचे माझे भाषण हे त्यांना आणि त्यांच्यासारख्या सर्वच पालकांना दिलेले उत्तर आहे.

प्रथम या शहराचे आणि मराठी मुलखाचे नाते थोडक्यात सांगते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची स्थापना केली. आज आपण जिला एचएएल म्हणतो, तिचे मूळ तेच. दुसरे महायुद्ध चालू होते, देश पारतंत्र्यात होता, आणि अशा वेळी भारतात विमाने बांधण्याचे धाडस एका सोलापूरकराने केले. त्याच कंपनीत कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे आले. जर्मनीतील गटिंगन येथे प्राध्यापक प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली बंगळुरूच्या आकाशात उडाले. भारतात आरेखन होऊन पुढे उत्पादनापर्यंत पोहोचलेले ते पहिले विमान होय. त्यानंतरचे किरण हे जेट विमानही त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. भगव्या-पांढऱ्या रंगातील किरण विमानांच्या ताफ्याने सूर्यकिरण या पथकाच्या रूपाने पुढे कितीतरी वर्षे लोकांचे डोळे दिपवले. त्या कवायती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना तो रंग आठवत असेल. तो रंग देणाऱ्या हातांची नावे मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

आता मूळ विषयाकडे वळते. विमानाला रंग का देतात? शोभेसाठी, असे मुले पटकन उत्तर देतात. शोभा हे कारण खरेच आहे. एअर इंडियाने १९७१ साली बोइंग ७४७ विमाने आणली, तेव्हा त्यांच्या प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्याच्या झरोक्याची लाल महिरप रंगवली होती. त्या झरोक्यांमुळे परक्या विमानतळावर उभे असलेले भारतीय विमान दुरूनही ओळखू येत असे. तरीही शोभा हे रंगाचे दुय्यम काम आहे. त्याचे पहिले काम रक्षणाचे आहे, आणि ते समजून घेण्यासाठी आपल्याला कारखान्यात जाण्याआधी आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात जावे लागेल.

इथे बसलेल्या ज्येष्ठांना कल्हईवाला आठवत असेल. तो अंगणात खड्डा करून भाता लावायचा, पितळेचे पातेले आधी राख-मातीने स्वच्छ घासून घ्यायचा, मग तापवायचा, नवसागराची पूड टाकून पांढरा धूर काढायचा आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखा पसरवायचा. क्षणात काळवंडलेले भांडे चांदीसारखे लखलखायचे. आम्ही मुले ती लकाकी बघत राहायचो, पण आजी कल्हई करून घ्यायची ती लकाकीसाठी नव्हे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते आणि माणसाला बाधते, हे तिला ठाऊक होते. धातूचा आणि बाहेरच्या जगाचा संबंध तोडणारा एक पातळ, अखंड थर, हीच कल्हईची व्याख्या. विमानाच्या रंगाची व्याख्याही तीच आहे.

विमानाचे अंग मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे असते. शुद्ध ॲल्युमिनियम हवेत स्वतःवर ऑक्साइडचे पातळ कवच चढवून घेते आणि सुरक्षित राहते, पण ते मऊ असते. बळकटीसाठी त्यात तांबे किंवा जस्त मिसळतात, आणि बळकटी आली की गंजण्याची प्रवृत्तीही येते. त्यात आकाशातले जीवन खडतर. जमिनीवर उन्हात तापलेला पत्रा तासाभरात शून्याखाली पन्नास अंशांच्या थंडीत जातो, पुन्हा खाली येतो, त्यावर दव साठते, समुद्रकाठच्या विमानतळावर खारी हवा लागते, आणि जमिनीवर कधीही न जाणवणारे तीव्र अतिनील किरण वर त्याच्यावर पडतात. प्रवासी विमानाच्या अंगाचा पत्रा कित्येक ठिकाणी दोन मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्याला गंजण्याची मुभा देता येत नाही.

म्हणून त्यावर थर चढवतात. आपल्या घरचा रंगारी कपाटाला रंग देताना आधी घासाई करतो, लांबी भरतो, पुन्हा घासतो, अस्तर देतो आणि शेवटी रंगाचे दोन हात देतो. विमानाचा क्रम याच जातीचा आहे, काटेकोरपणा मात्र शतपटीने अधिक. जुना रंग रसायनाने किंवा घासून काढतात. नव्या पिढीच्या विमानांत कार्बन तंतूंचे संमिश्र पदार्थ मोठ्या प्रमाणावर असतात. आपल्या तेजस विमानातही ते आहेत. त्यांच्यावर रंग काढणारे तीव्र रसायन चालत नाही, ते खालच्या राळेलाच खाते, म्हणून तिथे हलक्या हाताने घासावे लागते. घासताना हात जड पडला तर रंगाबरोबर तंतूही कापले जातात.

मग स्वच्छता. ती झाली की नाही हे ठरवण्याची एक कसोटी मला फार आवडते, कारण ती कोणत्याही गृहिणीला चटकन कळेल. पृष्ठभागावर स्वच्छ पाणी सोडायचे आणि पाहत राहायचे. तेलकट ताटावर पाण्याचे थेंब होतात, स्वच्छ ताटावर पाणी सलग पसरते. विमानाच्या पत्र्यावर पाण्याचा पडदा ठरलेला वेळ, साधारण अर्धा मिनिट, कुठेही न फाटता टिकला तरच पुढचे काम सुरू होते. एका बोटाचा ठसा उमटला असेल तरी पाणी तिथे फाटते आणि ते सांगून टाकते.

त्यानंतर धातूवर रासायनिक संस्कार होतो. सुटे भाग असतील तर ते आम्लाच्या कुंडात बुडवून, विजेच्या प्रवाहाने त्यांच्यावर ऑक्साइडचा दाट थर वाढवतात. त्याला ॲनोडायझिंग म्हणतात. आठवी-नववीत विद्युत अपघटनाचा प्रयोग आपण शिकवतो, तोच हा, फक्त बीकरच्या जागी हौद. त्यावर गंजरोधक अस्तर बसते आणि वरती पॉलियुरेथेनचा रंग. हे सगळे थर मिळून जाडी किती? मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांएवढी. ती कमी पडली तर रक्षण होत नाही. जास्त झाली तर रंगाला तडे जातात आणि वजन वाढते. मोठ्या विमानाच्या अंगावरील रंगाचे वजन काही शे किलोंच्या घरात जाते, आणि ते वजन प्रत्येक उड्डाणात इंधन जाळून वाहून न्यावे लागते. विमानाच्या नाकाशी हवामानाचे रडार असते. त्यावरच्या टोपीचा रंग ठरल्यापेक्षा जाड झाला तर रडारची नजर मंदावते. पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांना रंग दिला की त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो, कारण रंगाच्या वजनाने तो बिघडला तर वेगात असताना ते भाग फडफडू लागतात. म्हणजे ब्रश किंवा फवारा हाती धरणारा माणूस नकळत वायुगतिशास्त्राच्या हद्दीत शिरलेला असतो.

पालकहो, इथवर ऐकून आपल्याला हे काम कौशल्याचे वाटले असेल. परंतु मला त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. हे काम चारित्र्याचे आहे. दोन घटना सांगते. त्या घडल्या दूरदेशी, पण त्यांचा धडा सर्वत्र सारखाच आहे.

पहिली घटना २८ एप्रिल १९८८ ची. हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान हिलोहून होनोलुलूला निघाले होते. चोवीस हजार फुटांवर असताना त्याच्या छताचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा भाग एकाएकी उडून गेला. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले, पण एका हवाई सेविकेचा जीव गेला. एकोणीस वर्षे खाऱ्या हवेत बेटाबेटांवर फिरणाऱ्या त्या विमानाच्या पत्र्यांचे सांधे सुटत गेले होते, गंज आत शिरला होता, बारीक भेगा एकमेकींना मिळाल्या होत्या आणि देखभाल करणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटले होते. या घटनेनंतर जुन्या विमानांच्या तपासणीकडे जगाने नव्या गांभीर्याने पाहिले. पृष्ठभागाचे काम करणारा माणूस विमानाच्या प्रत्येक इंचाला हात लावतो. रंग काढल्यावर पत्रा उघडा असतो, तेव्हा त्याला जे दिसते ते पुढे कित्येक वर्षे कुणालाच दिसणार नसते. एखादी भेग, एखादा फुगीर सांधा दिसल्यावर तो थांबून सांगतो, की वरून रंगाचा हात फिरवून मोकळा होतो, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

दुसरी घटना २ ऑक्टोबर १९९६ ची. पेरू देशातील लिमाहून एअरोपेरूचे बोइंग ७५७ विमान रात्री सॅन्टिआगोकडे निघाले. उड्डाणानंतर लगेच वैमानिकांना उंची आणि वेग दाखवणारी यंत्रे भलतेच आकडे दाखवू लागली. खाली काळोखा समुद्र, वर काळोखे आकाश. आपण किती उंचीवर आहोत हे त्यांना कळेना. विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ७० माणसे मृत्युमुखी पडली. कारण काय निघाले? विमानाच्या पोटाचा पत्रा धुऊन पुसून चकाकीत करताना, हवेचा दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रांत पाणी जाऊ नये म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी लावली होती. काम संपल्यावर ती काढायची राहिली. पुढे पाहणी करणाऱ्यांच्याही ती लक्षात आली नाही. एवढी मोठी यंत्रणा, दोन बलाढ्य इंजिने, अनुभवी वैमानिक, आणि सगळे काही एका चिकटपट्टीपाशी येऊन थांबले.

आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आज विमाने रंगवण्याचे काम करतो. आपले नाव घेऊ नये अशी त्याची इच्छा आहे. त्याला मी या घटनेविषयी विचारले. तो म्हणाला, "बाई, आम्ही टेप मोजून लावतो आणि मोजून काढतो. भडक रंगाची टेप वापरतो, यादीवर सही करतो, आणि नंतर दुसरा माणूस स्वतंत्रपणे मोजतो. माझ्यावर विश्वास नाही म्हणून तो मोजत नाही. माणूस चुकतो यावर सगळ्यांचा विश्वास आहे म्हणून मोजतो." शाळेत आपण गणिताचा ताळा करायला शिकवतो. उत्तर बरोबर आले तरी ताळा करा, असे सांगताना मुले कंटाळतात. त्या कंटाळवाण्या सवयीचे मोल किती, हे या वाक्यातून मला नव्याने कळले.

आपल्याकडे वरून कीर्तन, आतून तमाशा अशी म्हण आहे. वरचा देखावा खोटा असतो, हे आपण गृहीतच धरलेले असते. त्यामुळे वरच्या थराचे काम करणाऱ्याकडेही आपण काहीसे हलक्या नजरेने पाहतो. या व्यवसायात मात्र वरून आणि आतून असे दोन हिशेब ठेवताच येत नाहीत. आतली स्वच्छता कमी पडली तर वरचा रंग काही महिन्यांत पोपडे धरून ते जगाला दाखवतो. "रंगारी" हा शब्दही मुळात हलका नाही. वस्त्राला पक्का रंग चढवण्याचे रसायन पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या माणसांचे ते नाव आहे. विद्या हातांत असली की ती विद्या नव्हे, असे आपण कधीपासून मानू लागलो, याचा विचार सुशिक्षितांनी करायला हवा.

आता पालकांच्या मनातील दुसरी शंका. हे काम आरोग्याला घातक नाही का? मी शाळेची प्रमुख आहे, कोणत्याही कारखान्याची जाहिरात करायला उभी नाही, म्हणून स्पष्ट सांगते. होय, निष्काळजीपणे केले तर घातक आहे. गंजरोधक अस्तरांत आजवर वापरली जाणारी क्रोमेट संयुगे कर्करोगकारक आहेत. पॉलियुरेथेन रंगांतील आयसोसायनेटमुळे काहींना दम्याचा कायमचा विकार जडतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देते. म्हणूनच चांगल्या कर्मशाळेत फवारणी करणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा असतो, अंगभर पोशाख असतो, हवा खेचून घेणारी यंत्रणा असते आणि ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून दाढी ठेवण्याचीही मनाई असते. क्रोमेटविरहित अस्तरे शोधण्याचे आणि वापरात आणण्याचे काम जगभर चालू आहे.

माझे पालकांना सांगणे असे की, मुलगा किंवा मुलगी अशा ठिकाणी रुजू होण्याआधी चार प्रश्न विचारायला लाजू नका. श्वासासाठी स्वतंत्र हवा मिळते का? वैद्यकीय तपासणी किती महिन्यांनी होते? उंचीवर काम करताना कमरेला सुरक्षापट्टा असतो का? उरलेल्या रसायनांची विल्हेवाट कशी लावतात? ज्यांना या प्रश्नांचा राग येतो, त्यांच्याकडे आपले मूल पाठवू नये. मुलीच्या लग्नाआधी आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, मग नोकरीआधी चार प्रश्न विचारण्यात कसला संकोच? ज्यांना आधीच दमा आहे किंवा रंग ओळखण्यात अडचण आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच या वाटेचा विचार करावा.

आता वाट कशी आहे ते सांगते. दहावीनंतर आयटीआयमध्ये पेंटर, इलेक्ट्रोप्लेटर यांसारखे अभ्यासक्रम आहेत. विमानाच्या सांगाड्याशी संबंधित फिटरचा अभ्यासक्रमही काही ठिकाणी आहे. त्यानंतर १९६१ च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवारी करता येते. एचएएलसारख्या सार्वजनिक उद्योगांत ती संधी मिळते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन विमान देखभाल अभियंता होण्याचा मार्ग आहे. त्याचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, आणि रंगकामासह कोणतेही काम पूर्ण झाल्यावर विमान उड्डाणयोग्य असल्याची सही असा अधिकारप्राप्त अभियंताच करतो. ज्यांना रसायनाची ओढ आहे, त्यांना पदवीपर्यंतची वाट मराठी मुलखातच उपलब्ध आहे. मुंबईची १९३३ साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था, नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आणि जळगावच्या विद्यापीठातील रसायन तंत्रज्ञान विभाग येथे रंग आणि पृष्ठलेपनाचे शिक्षण मिळते. पुढे संशोधन करायचे तर याच शहरात राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा आहे, जिथे पृष्ठ अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग काम करतो.

कामाची ठिकाणेही दूर नाहीत. बंगळुरूत एचएएल आहे. इथून जवळच, तामिळनाडूच्या हद्दीत, होसूरला प्रवासी विमाने रंगवली जातात. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे. नागपूरला मिहानमध्ये एअर इंडियाच्या विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे. आणि आपल्या अगदी अंगणात म्हणाल तर बेळगावजवळ हत्तरगीला, राष्ट्रीय महामार्गालगत, विमानांच्या सुट्या भागांचे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. तिथे भाग घडवले जातात आणि त्यांच्यावर पृष्ठसंस्कारही होतात, आणि तेच भाग परदेशातील मोठ्या विमान कंपन्यांकडे जातात. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकामाची परंपरा जुनी आहे. तिच्याच पुढची ही पायरी समजा.

एक शंका मराठी माध्यमाच्या पालकांच्या मनात नेहमी असते. विमानाच्या पुस्तिका इंग्रजीत असतात, आपल्या मुलांना ते कसे जमणार? यावर मला एक फार दिलासा देणारी माहिती द्यायची आहे. जगातल्या बहुतेक तंत्रज्ञांची मातृभाषा इंग्रजी नाही, आणि चुकीचा अर्थ लावला तर अपघात होतो, हे विमान उद्योगाने फार पूर्वी ओळखले. त्यामुळे देखभालीच्या पुस्तिकांसाठी त्यांनी सोप्या इंग्रजीची एक नियमावलीच तयार केली. तिच्यात सुमारे ९०० सर्वसाधारण शब्दांना मान्यता आहे, शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ आहे, आणि कृती सांगणारे वाक्य वीस शब्दांपेक्षा लांब असू नये असा दंडक आहे. त्या शब्दांखेरीज यंत्राच्या भागांची नावे तेवढी शिकावी लागतात. जे मूल आपल्या भाषेत नीट विचार करायला शिकले आहे, कार्यकारण ओळखायला शिकले आहे, त्याला हे नऊशे शब्द पेलणार नाहीत असे मला वाटत नाही. भाषेचा पाया पक्का असला की दुसऱ्या भाषेचा थर त्यावर चांगला बसतो, आणि पाया कच्चा असला की कोणत्याही भाषेचा थर पोपडे धरतो. विमानाच्या पत्र्याचा नियम इथेही लागू पडतो.

मुलींविषयी एक शब्द. आपल्या मुली दिवाळीत दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात. ठिपक्याला ठिपका जुळवणारा तो स्थिर हात, रेषेच्या जाडीवरचा तो ताबा, हेच या कामाचे भांडवल आहे. या कामात ताकदीपेक्षा सावधपणा अधिक लागतो. मुलगी या क्षेत्राविषयी विचारत असेल, तर तिला "हे पुरुषांचे काम" असे सांगून थांबवू नका. मघाशी सांगितलेले चार प्रश्न मात्र तिच्यासाठीही विचारा, थोडे अधिक काटेकोरपणे विचारा.

शेवटी आपल्या शाळेविषयी. हीरक महोत्सवी वर्षात आम्ही नव्या इमारतीचा, संगणक कक्षाचा विचार करतो आहोत आणि त्यासाठी आपले साहाय्य मागतोच आहोत. परंतु आज मी आपल्याकडे पैशांहून वेगळे काही मागणार आहे. आपल्यापैकी जे कारखान्यांत, कर्मशाळांत, विमानतळांवर हाताने काम करतात, त्यांनी वर्षातून एकदा शाळेत यावे आणि आपले काम मुलांना समजावून सांगावे. आजवर आपण डॉक्टर आणि अधिकारी झालेल्या माजी विद्यार्थ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावत आलो. ती परंपरा चालू राहीलच. तिच्या जोडीला येत्या जूनपासून, शाळा उघडल्यावरच्या पहिल्या शनिवारी, हातांनी काम करणारा एक माजी विद्यार्थी प्रमुख पाहुणा असेल, असा निर्णय शिक्षकांच्या सभेत एकमताने झाला आहे. त्याचा सत्कार शाल-श्रीफळ देऊनच होईल. पहिले निमंत्रण ज्याला द्यायचे त्याला मी ते दिले आहे, आणि चिकटपट्टी मोजून लावणाऱ्या त्या विद्यार्थ्याने ते स्वीकारले आहे.

त्या पालक भगिनी आज या सभागृहात आहेत. त्यांचा मुलगा आयटीआयच्या पहिल्या वर्षाला आहे. निर्णय त्यांनी आणि त्याने मिळून घेतला, मी फक्त माहिती दिली. तो यशस्वी होईल की नाही हे त्याचे परिश्रम ठरवतील. त्याला आपण सर्वांनी शुभेच्छा द्याव्यात, आणि पुढच्या खेपेला विमानात बसताना दारापाशी क्षणभर थांबून त्याच्या अंगावरच्या रंगाकडे पाहावे, एवढीच विनंती करते आणि आपली रजा घेते.